गोवराला उशिरा पोचणारी रीत

लेकराच्या अंगावर काही उठलं, की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागायचा आणि ‘बाई आल्यात’ एवढंच शेजारी कळवलं जायचं. मग पाहुणा उंबऱ्यावरूनच परत फिरे, स्वयंपाकात फोडणी बंद होई, घरातलं मंगलकार्य पुढे ढकललं जाई. पोराला वेगळ्या खोलीत मऊ जुनेरावर निजवत आणि खाजवू नये म्हणून अंगावरून निंबाचा पाला फिरवत. खपल्या पडून गेल्या की पाला घालून तापवलेल्या पाण्याने न्हाऊ घालत, शीतळादेवीला दहीभात दाखवत. दार मोकळं होई ते त्यानंतर. देवी, गोवर आणि कांजिण्या या तिन्ही दुखण्यांना थोड्याफार फरकाने हीच रीत होती. ती बेतलेली मात्र दिसते देवीच्या मापावर, आणि म्हणूनच देवीच्या बाबतीत ती कामाची ठरली, तर गोवराला कायम उशिरा पोचली.

देवीचा रोगी आधी दोन-चार दिवस तापाने अंथरुणाला खिळे, आणि संसर्गाचा खरा जोर पुरळ उठू लागल्यावर येई. खपल्यांतही विषाणू असे. म्हणजे पुरळ दिसताच दार लावणं आणि खपल्या पडल्यावर उघडणं हे त्या रोगाच्या चालीशी जवळजवळ तंतोतंत जुळत होतं. याला पुरावा सरकारी मोहिमेचाच आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली देवीची लस टोचली गेली. पण त्यानंतर पावणेदोनशे वर्षं नुसतं टोचत राहून देवी हटली नाही. १९७४-७५ साली रोग्याच्या दारावर पहारेकरी बसवले, आसपासच्या सगळ्यांना टोचलं, तेव्हा ती हटली. १९७५च्या मे महिन्यानंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. आजी निंबाच्या डहाळ्यावर जे काम सोपवत होती, तेच इथे पगारी माणसाने केलं. फरक लसीचा, आणि तो फार मोठा.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळं देवीचा कोप होऊ नये म्हणून होतं, विटाळाच्या भीतीने होतं. त्यात आरोग्याचा विचार कुठला? हेतू धार्मिक होता हे मान्यच. पण बंद दाराला हेतू विचारायचं कारण नाही. उलट बाजूने, आपल्या पूर्वजांना जंतुशास्त्र ठाऊक होतं म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी गोवराकडे पाहावं. गोवराचं मूल पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून आणि नंतर चार दिवस रोग पसरवतं. सुरुवातीला असतं काय, तर ताप, खोकला, शेंबूड, लाल डोळे. साधी सर्दी म्हणून ते अंगणात खेळतं, भावंडांच्या ताटात जेवतं. डहाळा लागतो तेव्हा आळीतल्या निम्म्या पोरांना प्रसाद पोचलेला असतो. कांजिण्या या दोहोंच्या मधल्या: पुरळाच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. तिथे रीत अर्धी लागू पडते.

पथ्याचं तर जास्तच बिनसलं. लस येण्याच्याही आधी, १७६७ साली, हॉलवेल या इंग्रज वैद्याने बंगालमध्ये रोग्याच्या फोडातलाच अंश वापरून देवी टोचणाऱ्यांची पद्धत लिहून ठेवली; मासे, दूध आणि तूप महिनाभर वर्ज्य, असं त्यात आहे. आपल्याकडेही आजारी पोराचं तेल-तूप तोडण्याची चाल होती. गोवरात मात्र शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं, त्याच्या अभावी डोळे जाऊ शकतात. म्हणून डॉक्टर त्याची मात्रा दोन दिवस लागोपाठ देतात. ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवेत, आणि तेच आपण बंद केले होते.

तेव्हा गोवर उठल्यावर मुलाला चार दिवस वेगळं ठेवा, भरपूर पाणी पाजा, जेवण तोडू नका, आणि धाप लागली, गुंगी आली किंवा डोळे दुखू लागले तर दवाखाना गाठा. पण पुरळाच्या आधीचे चार दिवस कुठलीही रीत पकडू शकत नाही. ते काम लसच करते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, आणि सरकारी केंद्रावर दोन्ही फुकट मिळतात.