उभं की आडवं: मॅट्रिक्सच्या स्थलांतराची कुळकथा

कागदावर मॅट्रिक्स आडवा-उभा पसरतो. संगणकाच्या मेमरीत मात्र सगळे अंक एकाच रांगेत बसतात. ही रांग उभ्या स्तंभांनी भरायची की आडव्या ओळींनी? आयबीएमच्या १९५७ च्या फोरट्रानने स्तंभ निवडले, १९७० च्या दशकात सी भाषेने ओळी. एका सॉफ्टवेअरमधला मॅट्रिक्स दुसऱ्यात नेताना होणाऱ्या गफलतीचं मूळ इथे आहे.

क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॅटलॅब लिहिलं ते फोरट्रानमध्ये, म्हणून स्तंभक्रम त्यात वारशाने आला. पुढे ते सी भाषेत नव्याने लिहिलं गेलं, तरी क्रम तोच राहिला. फ्रान्समध्ये घडलेल्या सायलॅबचाही तोच. पायथनमध्ये १९९५ साली न्यूमेरिक ही लायब्ररी आली, मग नमअ‍ॅरे. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन्ही प्रवाह जोडून २००६ मध्ये नमपाय दिलं. त्याचा नेहमीचा क्रम ओळींचा आणि मोजणी शून्यापासून, सायलॅबची एकपासून.

महाराष्ट्रात हे दोन क्रम शिकणाऱ्यांच्या हाती एकत्र आले. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात अभियांत्रिकीचे विद्यार्थी जशी पाठ्यपुस्तकं घेतात, तशा पुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने सायलॅबमध्ये आणि पायथनमध्येही लिहून घेतली. पडताळणीला छापील उत्तर समोर असणं फार मोलाचं, कारण क्रमाची चूक गुपचूप होते. पहिली ओळ १, २, ३ आणि दुसरी ४, ५, ६ असा मॅट्रिक्स सायलॅबच्या मेमरीत १, ४, २, ५, ३, ६ असा असतो. तेच अंक नमपायने आपल्या क्रमाने भरले, तर ओळी होतात १, ४, २ आणि ५, ३, ६. आकार दोन बाय तीनच राहतो, म्हणून प्रोग्राम तक्रार करत नाही. उपाय सोपा आहे: नमपायला क्रम 'एफ', म्हणजे फोरट्रानचा, असं सांगायचं. मॅटलॅबची फाइल असेल, तर पायथनच्याच सायपाय लायब्ररीचं 'लोडमॅट' हे स्वतःच सांभाळतं.

विल्यम स्टाइन यांच्या २००५ च्या सेज या गणिती सॉफ्टवेअरमुळे वेगळीच अडचण आली. सेज १/३ हा अपूर्णांक अचूक ठेवतं. नमपायच्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंटमध्ये त्याची फक्त जवळची किंमत मावते. मग शून्य यायला हवा असलेला निश्चयकही एखादी अतिसूक्ष्म संख्या म्हणून दिसू शकतो. अचूक उत्तर हवं असेल, तर ते सेजमध्येच काढावं आणि रूपांतर त्यानंतर करावं.