व्हर्च्युअल मेमरी वाढवली की कॉम्प्युटर फास्ट होतो का? सेटिंगला हात लावण्याआधी हे वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घरच्या जुन्या कॉम्प्युटरचं काम वाढतं. प्रवेशाचे अर्ज, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, एमएस-सीआयटीचा सराव, अधूनमधून सातबारा. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडकतो. फॉर्म अर्धा भरलेला असतो आणि स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहतं.

मग कुठलीतरी रील सांगते, ही एक सेटिंग बदला आणि कॉम्प्युटर सुसाट पळवा. ही सेटिंग बहुतेक वेळा व्हर्च्युअल मेमरीची असते. तिने खरंच वेग वाढतो का?

थोडक्यात उत्तर : फारसा नाही. ही सेटिंग मेमरी कमी पडल्यावर कॉम्प्युटरला बंद पडू देत नाही. वेगाचा इलाज दुसरीकडे आहे.

व्हर्च्युअल मेमरी म्हणजे काय?

कांदा निवडायचा तर तो खळ्यावर पसरावा लागतो. खळं भरलं की उरलेला माल बराखीत ठेवायचा आणि लागेल तसा बाहेर काढायचा. कॉम्प्युटरमध्ये रॅम म्हणजे खळं आणि हार्ड डिस्क म्हणजे बराखी. रॅम भरली की विंडोज सध्या न लागणारा डेटा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये हलवते. या फाइलला पेजफाइल म्हणतात. लिनक्समध्ये हेच काम स्वॅप करतं.

सेटिंगमध्ये आकडा वाढवला की बराखीत जास्त जागा राखली जाते. खळं तेवढंच राहतं.

मोबाइलच्या जाहिरातीत '८ जीबी + ८ जीबी रॅम' असं लिहितात, तोही हाच प्रकार. त्यातले दुसरे ८ जीबी फोनच्या स्टोरेजमधून घेतलेले असतात.

ही कल्पना आली कुठून?

रॅम महाग आणि तुटपुंजी होती त्या काळातून. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठातल्या 'अ‍ॅटलस' या कॉम्प्युटरने १९६२ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरात आणली. मुख्य मेमरी कमी पडायची, म्हणून फिरत्या चुंबकीय ड्रमवरची जागा जोडीला घेतली होती.

तेव्हा मेमरी किती कमी असायची, याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची आहे, त्याच संस्थेने मुंबईत १९६० च्या सुमारास 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर उभा केला. त्याची मुख्य मेमरी आजच्या हिशेबाने जेमतेम १० केबी होती. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला साधा फोटोही त्यात मावला नसता.

मग सेटिंग बदलून वेग का वाढत नाही?

कारण डिस्क रॅमपेक्षा खूपच हळू असते. रॅममधून डेटा काढायला १ सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच प्रमाणात एसएसडीला साधारण पाव तास लागेल आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एक दिवसाहून जास्त. पेजफाइल कितीही मोठी केली तरी हे अंतर कमी होत नाही.

रीलमधले चार उपाय आणि त्यांचं वास्तव

- *पेजफाइल रॅमच्या दीडपट ठेवा* : हा ठोकताळा रॅम एमबीमध्ये मोजायचे तेव्हाचा. आता विंडोज गरजेप्रमाणे आकार स्वतः ठरवते.
- *पेजफाइल बंदच करा* : हा सगळ्यात धोक्याचा सल्ला. रॅम भरली की प्रोग्रॅम अचानक बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं.
- *एमएसकॉन्फिगमध्ये 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक करा* : ही सेटिंग चाचणीसाठी रॅमवर मर्यादा घालते, वाढवत नाही. आकडा फार कमी पडला तर विंडोज सुरूही होणार नाही. टिक केली असेल तर काढून टाका.
- *रॅम क्लीनर वापरा* : हे अ‍ॅप उपयोगी डेटाही रॅममधून बाहेर ढकलतं. मोकळ्या रॅमचा आकडा मोठा दिसतो, पण तोच डेटा पुन्हा डिस्कवरून आणावा लागतो.

सेटिंग नेमकी कधी बदलायची?

आधी दुखणं ओळखा. नेहमीची कामं सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये मेमरी आणि डिस्क दोन्ही बघा.

मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर रॅम कमी पडत असण्याची शक्यता मोठी. मेमरी निम्मी मोकळी असूनही डिस्क १०० टक्के असेल, तर अडचण बहुधा डिस्कची.

पेजफाइलला हात लावण्याची कारणं दोनच. एक, मेमरी कमी असल्याचा इशारा वारंवार येतो. दोन, कॉम्प्युटरमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही आहेत आणि पेजफाइल हार्ड डिस्कवर आहे. अशा वेळी ती एसएसडीवर न्यावी.

त्यासाठी सर्चमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा. तिथे परफॉर्मन्सखालचं 'सेटिंग्ज', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड', मग व्हर्च्युअल मेमरीखालचं 'चेंज'. सगळ्यात वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज' ही टिक असू द्या. पूर्वी कुणी काढली असेल तर परत लावा. सी ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर आधी तो मोकळा करा, कारण पेजफाइलला वाढायला जागा लागते.

फुकटात काय करता येईल?

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीतले नको असलेले प्रोग्रॅम बंद करा. फॉर्म भरताना ब्राउझरचे बाकीचे टॅब बंद ठेवा. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. जुन्या मशीनवर एवढ्यानेही फरक जाणवतो.

पैसे घालायचेच असतील तर कशात?

हार्ड डिस्कवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला सगळ्यात मोठा फरक एसएसडीने पडतो. त्यानंतर रॅम. ४ जीबी असेल तर ८ जीबी करणं फायद्याचं.

नारायणगाव किंवा मंचरच्या दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी पाहून ठेवा.

- रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची रॅम आणखी वेगळी असते.
- रॅमचे स्लॉट किती आणि रिकामे किती. हे टास्क मॅनेजरमध्ये दिसतं.
- विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट. घरगुती ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरत नाही. तिथे ८ जीबी टाकली तर वरचे पैसे वाया.

आणखी एक. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, शिवाय टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर. आपलं मशीन यात बसत नसेल तर त्यावर किती खर्च करायचा हे आधी ठरवा. तरीही एसएसडी टाकून त्यावर लिनक्स चालवणं हा स्वस्त मार्ग उरतो.

सेटिंग कुठलीही बदला, त्याआधीचे मूळ आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि हे प्रयोग फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला तर अजिबात नकोत.