ऑक्ट्रिओटाइडच्या तुकड्यांची कुळकथा

किरणोत्सारी औषध टोचून गाठीचे चित्र काढतात, तेव्हा कॅमेऱ्याला औषध दिसत नाही. दिसतो तो त्याला जोडलेला किरणोत्सारी अणू. रेणूची शकले झाली तरी अणू किरण सोडतच राहतो आणि चित्रात ठिपका उमटतोच. म्हणून औषध शरीरात कसे मोडते, हे निराळे तपासावे लागते. हा अभ्यास म्हणजे औषध टिकवण्याची खटपट, असा समज आहे. तो अर्धाच खरा. रक्तात न मोडणे जितके मोलाचे, तितकेच पेशीत शिरल्यावर नेमके मोडणेही.

१९७३ मध्ये उजेडात आलेले सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक १४ अमिनो आम्लांचे. काही अर्बुदांच्या पेशींवर त्याचे ग्राही दाटीने असतात. पण शरीरातली विकरे दोन-तीन मिनिटांत त्याचा फडशा पाडतात. बाझलच्या सँडोझ कंपनीने १९८२ मध्ये आठच घटकांचे ऑक्ट्रिओटाइड पुढे आणले. त्यात काही अमिनो आम्ले आरशातल्या प्रतिमेसारखी उलट्या घडणीची होती, त्यामुळे विकरांची कात्री सहज चालेना. १९८९ मध्ये रॉटरडॅमच्या क्रेनिंग आणि लॅम्बर्ट्स यांच्या गटाने त्याच्या एका सुधारित रूपाला आयोडीन-१२३ जोडून गाठी दाखवल्या. मात्र हे औषध पित्तावाटे आतड्यात उतरे आणि पोटातल्या गाठी, म्हणजे ज्या शोधायच्या त्याच, झाकोळत. मग धातूचा अणू धरून ठेवणाऱ्या डीटीपीए या रेणूच्या पकडीत इंडियम-१११ बसवले आणि निचरा मूत्रपिंडांकडे वळला.

रक्तात टिकले, चित्र उमटले, मग तुकडे कशाला मोजायचे? १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या गाठी आणि मूत्रपिंडे वाटून अर्क क्रोमॅटोग्राफीतून तपासले. पेशीतल्या लायसोसोम या पचनकोशात अमिनो आम्लांची साखळी कापली जाऊन शेवटी इंडियम, डीटीपीए आणि एकच अमिनो आम्ल उरत होते. या तुकड्याला पटल ओलांडणे जमत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही गाठ दिसते. तोच तुकडा मूत्रपिंडातही अडकतो. या जातीच्या औषधांना ल्युटेशियम-१७७ जोडून उपचार करताना अमिनो आम्लांचे सलाइन लावतात ते मूत्रपिंडे वाचवण्यासाठीच. उंदरावरून माणसाचे कसे ठरवणार, हा आक्षेप रास्त आहे, कारण विकरांचे प्रमाण प्राण्यागणिक बदलते. रुग्णाचे रक्त आणि लघवी तपासता येते, पण त्याची गाठ वाटता येत नाही. तेवढ्यापुरता उंदीर लागतोच. २०१४ मध्ये रॉटरडॅम आणि अथेन्सच्या गटांनी तर रेणूला हातही न लावता अशा साखळ्या मोडणाऱ्या नेप्रिलायसिन या विकरालाच फॉस्फोरॅमिडॉन या रोधकाने थोपवले, आणि उंदरांच्या गाठींत अशाच इतर पेप्टाइडांचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा, साठा कित्येक पटींनी वाढला.