टार्गेट शूटिंगसाठी रायफल घेताय? आधी हे बघा

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. आपल्या पोरालाही तशी रायफल घ्यावी वाटत असेल, तर कर्ज काढायची घाई करू नका.

या खेळात .२२ बोअरची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल लागते. बोल्ट हाताने मागे ओढायचा, एक काडतूस भरायचं, पुढे ढकलून लॉक करायचा. वॉल्थर, अन्शुट्झ या जर्मन कंपन्या नावाजलेल्या आहेत. पण नुसत्या नावावर जाऊ नका.

काय तपासायचं?

• माप: गालाची पट्टी आणि खांद्याची प्लेट सरकवता आली पाहिजे. वाढत्या पोराला हे फार गरजेचं.

• वजन: नियमात ८ किलोपर्यंत चालतं. उभं राहून पेलवेल तेवढंच घ्या.

• बोल्टची बाजू: डावखुऱ्याला डाव्या हाताची रायफल मिळते.

• काडतूस: एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणून आपल्या नळीला कुठला लॉट जुळतो, ते रेंजवर तपासा.

लायसन्स आधी

.२२ ला लायसन्स लागतंच. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मीरा-भाईंदरसारख्या आयुक्तालयात पोलीस आयुक्तांकडे करायचा. विनापरवाना रायफल घरात सापडली तर थेट जेल.

बैल आपण चालवून बघूनच घेतो ना? तसंच इथं. आधी क्लब आणि एअर रायफल, मग क्लबच्याच .२२ वर सराव, नंतर लायसन्स. स्वतःची रायफल शेवटी.