फळीपासून हातभर दूर

कल्याणहून कसारा लोकल पकडली की टिटवाळ्यानंतर खडवली येतं. उन्हाळ्यातल्या रविवारी इथं भातसा नदीवर कल्याण-डोंबिवलीची पोरं पोहायला येतात. नदीवर उडीची फळी कुठली असणार! काठावरचा खडक हीच फळी. एकदा माझ्यादेखत एका मुलानं खडकाच्या कडेवरून उलटी कोलांटी घेतली. त्याचं डोकं खडकापासून जेमतेम वीतभर अंतरावरून गेलं. मित्रांनी शिट्ट्या वाजवल्या. मला मात्र सोल आठवलं.

१९ सप्टेंबर १९८८. सोल ऑलिंपिकमध्ये तीन मीटरच्या स्प्रिंगबोर्डवर अमेरिकेचा ग्रेग लुगानिस उभा होता. तोंड पाण्याकडे, झेप पुढे, पण गिरकी मागे म्हणजे फळीच्या दिशेनं, अशी ती अडीच कोलांट्यांची उडी होती. तो उंच गेला, पण पुरेसा पुढे गेला नाही. डोकं फळीवर आदळलं. टाके घालून घेऊन तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सुवर्णपदक जिंकलं. त्या वेळी आपल्याला एचआयव्हीची लागण झालेली होती, हे त्यानं १९९५ मध्ये जाहीर केलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी हातमोजे घातलेले नव्हते. सुदैवानं त्यांना संसर्ग झाला नाही.

ही गोष्ट जगभर जिद्दीची म्हणून सांगितली जाते. सांगणारे १९८३ सालचं एडमंटन सहसा विसरतात. तिथल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोव्हिएत संघाचा २१ वर्षांचा सर्गेई चालिबाश्विली दहा मीटरच्या मंचावरून साडेतीन कोलांट्यांची अशीच उलटी उडी मारायला गेला. डोकं मंचाच्या काँक्रीटवर आपटलं. तो शुद्धीवर आलाच नाही, आठवड्याभरानं गेला. स्प्रिंगबोर्ड निदान वाकतो तरी, मंच वाकत नाही.

आणि हे का होतं? बहुतेकदा घाईनं. गिरकी पुरी होणार नाही या धास्तीनं उडी घेणारा पाय सुटण्याआधीच डोकं नि खांदे मागं टाकतो. मग अंग पुढे न जाता सरळ वर जातं आणि खाली येतं ते फळीवरच. म्हणून चांगले प्रशिक्षक नवी उडी आधी जमिनीवर शिकवतात. कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना दोर, वर कप्प्या, खाली ट्रॅम्पोलिन आणि दोराचं टोक प्रशिक्षकाच्या हातात. अंगाला सवय झाली की एक मीटरची फळी, तीन मीटरची त्यानंतर.

आपल्या आजोबांना यात काही नवल वाटलं नसतं. विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक काठावरच्या वडीलधाऱ्यानं धरायचं, ही रीत खेडोपाडी होतीच. विहिरीच्या भिंतीतून दगडी पायऱ्या बाहेर आलेल्या असत. त्यामुळे मुटका मारणाऱ्याला वरून हाक यायची, ‘काठ सोडून लांब उडी घे रे!’

आंतरराष्ट्रीय नियमही तेच सांगतो. डोकं फळीच्या धोकादायक जवळून गेलं, तर उडी कितीही देखणी असो, पंच दहापैकी दोनच्या वर गुण देत नाहीत. तिथं शिट्ट्या नाहीत.

तरणतलावावर जाणाऱ्यांनी थोडं पाहून घ्यावं. फळीचा पृष्ठभाग बुळबुळीत नको, एका वेळी फळीवर एकच जण हवा. तीन मीटरच्या फळीखाली पावणेचार मीटरच्या आसपास पाणी लागतं. उथळ टोकाला उडी नाहीच. मार लागलाच तर जखमीला दंडाला धरून ओढून काढू नये. मान मोडली असण्याची शक्यता धरून डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून त्याला पाण्यावरच तोलून धरावं आणि सपाट फळीवर घेऊन बाहेर काढावं. हसत बाहेर आला तरी दिवसभर लक्ष ठेवावं. उलटी झाली, गुंगी आली, तर थेट रुग्णालय.

खडवलीच्या त्या मुलाला मी विचारलं, ‘‘बाळा, खाली पाणी किती आहे, पाहिलंस का?’’

‘‘काका, गेल्या वर्षी इथं खोल होतं,’’ तो म्हणाला आणि पुन्हा खडकावर चढू लागला.