ठिणगीमागचा स्विच

मी दिवसभर कोड लिहितो, पण आजची गोष्ट हार्डवेअरची. बॅटरी १२ व्होल्टची, आणि स्पार्क प्लगला लागतात हजारो व्होल्ट. मग ठिणगी पडते कशी?

ही करामत कॉइलची. तिच्या प्रायमरीतून करंट सोडायचा आणि झटकन तोडायचा. चुंबकक्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उसळतात. म्हणजे ठिणगी पडते ती करंट बंद करताना, बरं का!

अमेरिकेत चार्ल्स केटरिंगची बॅटरी-कॉइलची पद्धत १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. करंट तोडायचं काम पॉइंट करायचे. आपले गॅरेजवाले त्यांना सीबी पॉइंट म्हणतात. सगळा करंट तोडून तोडून ते जळायचे, गॅप बिघडायचा.

१९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. मग लगेच इथे का नाही बसवला? कारण करंट तोडला की प्रायमरीतही काहीशे व्होल्टचा उलटा फटका बसतो, आणि सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तो सोसू शकत नव्हते. १९६३ च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत ट्रान्झिस्टर इग्निशन आलं, तेव्हा कॉइलच वेगळी करावी लागली: प्रायमरीचे वेढे कमी, म्हणून फटकाही कमी. पुढे जास्त व्होल्ट झेलणारे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. १९७३ मध्ये क्रायस्लरनं आपल्या सगळ्या अमेरिकी गाड्यांतून पॉइंट काढूनच टाकले.

घरी असं सर्किट जोडणार असाल, तर ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज रेटिंग आधी बघा आणि झेनरचं संरक्षण द्या. चालू कुणीही करतं. कस लागतो तो बंद करताना. भेटू पुढच्या भागात!