बालपणीच्या अवधान विकाराचा विकासक्रम

अवधान-अभाव अतिचंचलता विकार (संक्षेप: एडीएचडी) हा बालपणी दिसू लागणारा चेताविकासात्मक विकार आहे. अवधान न टिकणे, वयाच्या मानाने अधिक चंचलता आणि आवेगशीलता ही त्याची मुख्य लक्षणे होत. ही लक्षणे वयानुसार कशी बदलतात, कोणात ओसरतात आणि कोणात टिकतात, याचा अभ्यास प्रामुख्याने अनुदैर्ध्य संशोधनातून, म्हणजे त्याच मुलांची अनेक वर्षे वेळोवेळी तपासणी करून, केला जातो. 'मोठेपणी आपोआप जाते' आणि 'जन्मभर तसेच राहते' हे दोन्ही समज या संशोधनामुळे अपुरे ठरले आहेत.

संकल्पनेचा इतिहास

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये, बुद्धी सामान्य असूनही आत्मनियंत्रण न साधणाऱ्या मुलांचे वर्णन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या निदानपुस्तिकेत हा विकार बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया म्हणून नोंदला गेला. पौगंडावस्थेत तो बहुधा ओसरतो, असे तीत म्हटले होते. १९८० च्या आवृत्तीत अवधानाला प्रमुख स्थान मिळाले. २०१३ च्या आवृत्तीने लक्षणे सुरू होण्याची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षांवर नेली. तसेच १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या निदानासाठी ६ ऐवजी ५ लक्षणे पुरेशी मानली.

वयानुसार होणारे बदल

शाळापूर्व वयात चंचलता ठळक असते. शाळा सुरू झाल्यावर अवधानाच्या अडचणी लक्षात येतात. पौगंडावस्थेत बाहेरून दिसणारी धावपळ कमी होते, परंतु आतील अस्वस्थता, विसराळूपणा आणि कामाच्या नियोजनातील अडचणी राहू शकतात. त्यामुळे शांत दिसणारा मुलगा बरा झाला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरू शकते.

फिलिप शॉ व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांची तुलना केली. मेंदूच्या बाह्यकाच्या बहुतांश भागांना कमाल जाडी गाठण्याचे मध्यक वय विकार असलेल्या मुलांत सुमारे १०.५ वर्षे, तर इतर मुलांत सुमारे ७.५ वर्षे आढळले. विकासाचा क्रम मात्र दोन्ही गटांत सारखाच होता.

दीर्घकालीन अभ्यास

अमेरिकेतील बहुकेंद्री उपचार अभ्यासात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुले होती. त्यांपैकी ५५८ मुलांच्या १६ वर्षांपर्यंतच्या नोंदींचे विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ ९.१ टक्के जणांत विकार पूर्णपणे ओसरून पुन्हा उद्भवला नाही, १०.८ टक्के जणांत तो सातत्याने टिकला; ६३.८ टक्के जणांत लक्षणे कमी-अधिक होत राहिली.

निष्कर्ष माहिती देणाऱ्यावरही अवलंबून असतो. रसेल बार्कली यांच्या मिलवॉकी येथील अभ्यासात तरुणांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार ५ टक्के, तर पालकांच्या सांगण्यानुसार ४६ टक्के जणांत विकार टिकून होता.

मतभेद

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ व्यक्तींच्या अभ्यासात, ३८ व्या वर्षी विकार आढळलेल्या सुमारे ९० टक्के जणांना बालपणी तो नव्हता, असे २०१५ मध्ये मांडले गेले. मात्र उशिरा उद्भवलेल्या अनेक प्रकरणांमागे व्यसन वा अन्य मानसिक विकार असू शकतात, असे नंतरच्या संशोधनाने दाखवले.

महाराष्ट्र व गोवा

मुंबईत १९३७ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने (आताची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. ते भारतातील पहिले मानले जाते. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमता आणि हा विकार एकत्र असलेल्या मुलांचा अभ्यास झाला आहे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत या विकाराचा समावेश आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, तर शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी करण्याची त्यात तरतूद आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणांच्या सर्वेक्षणात उत्तर गोव्याचा समावेश होता. त्यात हा विकार ६ ते ९ वर्षे वयोगटात मोजला गेला. अशा एकवेळच्या सर्वेक्षणातून विकाराचे प्रमाण कळते, त्याचा पुढील क्रम कळत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता आहेत. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही.

महत्त्व

लक्षणे कमी-अधिक होत असल्याने एका तपासणीवरून मुलाचे भवितव्य ठरवता येत नाही. सुधारणा दिसल्यावरही पाठपुरावा सुरू ठेवणे आणि शाळा किंवा अभ्यासक्रम बदलताना पुनर्मूल्यांकन करणे, हे या संशोधनाचे व्यावहारिक फलित मानले जाते.